अर्जात न लिहिलेले नाव



कागदावरून एखादे नाव राहून जाणे ही आपल्याकडे फारशी मोठी गोष्ट समजली जात नाही. रेशनकार्डात धाकट्याचे नाव घालायचे राहिले, तर सवडीने तहसील कचेरीत अर्ज देतो. आजोबा गेल्यावर वारसनोंद करताना आत्याचे नाव गाळले जाते (कधी विसरून, कधी न विसरता!) आणि पुढेमागे आत्याची मुले तक्रार करतात, तलाठ्याकडे चार खेपा होतात, नाव लागते. राहिलेले नाव मागाहून लावता येते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आज मी ज्या अर्जाविषयी बोलणार आहे, तिथे हा अनुभव उपयोगी पडत नाही. उलट घात करतो. हा अर्ज म्हणजे परदेशी कायमचे राहावयास जाण्याचा. त्यातही मी कॅनडा या एका देशापुरतेच बोलेन, कारण तिथला नियम मला जवळून पाहावा लागला.

खेड्यापाड्यातल्या माणसांना कॅनडाचे काय सांगता, असे कोणी म्हणेल. पण मंडळी, आज तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर उभे राहा आणि परदेशी पाठवणाऱ्यांच्या पाट्या मोजा. ऊसवाल्याचा मुलगा जातो, नर्स झालेली मुलगी जाते, लग्न करून सून जाते. आणि तो इंग्रजी अर्ज ‘जरा नजरेखालून घाला’ म्हणून लोक येतात ते शाळेतल्या गुरुजींकडे, नाहीतर माझ्यासारख्या कॉलेजातल्या मास्तराकडे.

२०११ साली माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच माझ्याकडे आली. बरोबर तिचे वडील होते. मुलगी गुणी, बी. ए. झाल्यावर लग्न झाले, एक मुलगी झाली आणि दोन वर्षांत नवरा अपघातात गेला. आता दुसरे लग्न जमले होते. नवरा कॅनडात स्थायिक झालेला, माणूस भला. त्याने बायकोसाठी अर्ज करायचा, तिच्या बाजूचे कागद तिने भरायचे, असा मामला. मी स्पेलिंगे तपासली, तारखा जुळवल्या. मुलांच्या नावांची चौकट कोरी होती. मी विचारले, “छकुलीचं नाव?” वडील म्हणाले, “सर, एजंटनं सांगितलंय, मुलगी सोबत जाणार नाही तर लिहायचं कशाला? फाईल जड होते म्हणे. ही तिकडं रुळली की मग मुलीचं बघू.” मुलगी खाली मान घालून बसली होती. मी इतिहास शिकवतो, कायदा नव्हे, अशी मनाची समजूत घातली आणि कागद परत दिले.

वास्तविक त्या चौकटीवर स्वच्छ लिहिलेले असते की सगळी मुले लिहा. दत्तक असोत, सावत्र असोत, वय काहीही असो, राहात कुठेही असोत. मी ते वाचले होते.

२०१२ साली ती गेली. पोर सहा वर्षांची, आजीपाशी राहिली. दोन वर्षांनी आईने मुलीला बोलावण्यासाठी अर्ज केला आणि २०१५ साली उत्तर आले ते नकाराचे. पत्राचा अर्थ सांगायला आजी ते घेऊन माझ्या दारात आली. त्यात म्हटले होते की ही मुलगी कायद्याने ज्याला कुटुंब म्हणतात त्या वर्गात मोडत नाही. मी ते मराठीत सांगितले, तेव्हा म्हातारी म्हणाली, “आईच्या कागदावर पोरगी न्हाई, मग मास्तर, ही कुणाची म्हणायची?”

तो नियम काय आहे, ते आता सांगतो. कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा २८ जून २००२ रोजी अमलात आला. त्याखालच्या नियमावलीत ११७ वा नियम आहे; त्याच्या नवव्या पोटनियमातला ‘डी’ हा तुकडा. जो माणूस तिथे स्थायिक झाला त्याला पुढे आपली बायको, नवरा, मुले बोलावता येतात. मात्र त्याने स्वतःसाठी पूर्वी जो अर्ज केला होता, त्या वेळी जे माणूस त्याच्या कुटुंबात असूनही सरकारच्या तपासणीखालून गेले नाही, ते माणूस पुढे या वाटेने येऊ शकत नाही. तपासणी म्हणजे वैद्यकीय तपासणी आणि पूर्वचारित्र्याची चौकशी. बरोबर न जाणाऱ्या मुलांचीही ती व्हावी लागते. नावच लिहिले नाही तर तपासणी कोण करणार? म्हणजे नाव गाळले की दार बंद.

आणि या नियमाला हेतू कळत नाही. तुम्ही खोटे बोलण्यासाठी नाव गाळले, एजंटने सांगितले म्हणून गाळले, की सोबत न जाणाऱ्याचे लिहायचे नसते अशा गैरसमजाने गाळले, त्याला सगळे सारखेच. शिवाय नकारावर अपील करावे, तर अपील ऐकणाऱ्या मंडळाला, हे माणूस कुटुंबाच्या वर्गात बसत नाही एवढे ठरल्यावर, दयेच्या मुद्द्याचा विचारच करता येत नाही.

हा प्रश्न तिथल्या न्यायालयापुढेही गेला. फिलिपीन्समधली एक बाई १९९३ साली कॅनडात उतरली. मी अविवाहित आहे आणि ही बरोबरची मुलगी सोडून माझ्यावर कोणी अवलंबून नाही, असे तिने अधिकाऱ्याला सांगितले. मागे मायदेशी बापाजवळ तिचे दोन मुलगे होते. पुढे तिने त्यांना बोलावू म्हटले, तर हाच नियम आडवा आला. तिच्या वकिलांनी राज्यघटनेतल्या हक्कांची, कुटुंबाच्या ऐक्याची, आंतरराष्ट्रीय करारांची, सगळी बाजू मांडली. २००५ साली फेडरल अपील न्यायालयाने निकाल तिच्याविरुद्ध दिला. न्यायालयाचे म्हणणे असे, की नियम कायदेशीर आहे. आणि माणुसकीच्या कारणास्तव सवलत मागण्याचा कायद्याच्या २५ व्या कलमाचा मार्ग उघडा आहे, त्याने जावे.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. लपवाछपवी करून एकट्याने सोप्या वाटेने आत यायचे आणि मग मागाहून सगळे घर आणायचे, हा प्रकार होऊ नये म्हणून तो नियम. अर्जदार खरे बोलतो या भरवशावरच सगळा कारभार चालतो, हेही खरे. पण अर्जावर सही करणारा मोठा माणूस निराळा आणि शिक्षा भोगणारे मूल निराळे, ही गोष्ट मला पटत नाही आणि पटणार नाही. सहा वर्षांच्या पोरीने कोणाला फसवले होते?

आता एक प्रकार सांगतो, तो आपल्याकडे फार घडण्याजोगा आहे. मुलाने अविवाहित म्हणून अर्ज केलेला असतो. परवानगी आली की घरात घाई सुरू होते. “एकदा गेला की सुट्टी कधी मिळते कोण जाणे, लग्न उरकूनच जाऊ दे.” आठ दिवसांत मुलगी पाहिली, पंधराव्या दिवशी अक्षता पडल्या आणि महिन्याच्या आत मुलगा विमानात. तिकडे उतरल्यावर अधिकारी विचारतो की अर्ज केल्यानंतर लग्न वगैरे काही बदल झाला आहे काय, न सांगितलेले कोणी आहे काय. मुलगा थकलेला, घाबरलेला. ‘नाही’ म्हणतो आणि सही करतो. अंगावरची हळद अजून गेलेली नसते, आणि त्या एका ‘नाही’मुळे इकडे बसलेली नवी नवरी त्या नियमात सापडते. बाळाचा जन्म असाच मधल्या काळात झाला, तर बाळाचेही तेच. तेव्हा अर्ज दिल्यानंतर आणि तिथे पाय ठेवण्यापूर्वी घरात लग्न झाले, मूल झाले, तर विमानात बसण्याआधीच कळवावे. जाणे लांबते, बायकोची तपासणी होऊन कागद नव्याने यावे लागतात. पण लांबते एवढेच.

अमेरिकेत एके काळी याच्या नेमका उलटा प्रकार झाला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना तिथे बंदी झाली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि आग यांत जन्माच्या नोंदी जळाल्या. तेव्हा ‘मी इथेच जन्मलो’ असे सांगून अनेक चिनी नागरिक झाले आणि चीनमध्ये नसलेले मुलगेही त्यांनी कागदावर दाखवले. त्या नावांवर दुसऱ्यांची मुले पैसे देऊन आली. त्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत त्यांच्या उलटतपासण्या चालत. घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या अंगाला, असले प्रश्न. पुढे १९५६ पासून सरकारने कबुलीची योजना काढली, तर एकाने खरे सांगितले की साऱ्या भाऊबंदांचे कागद उघडे पडत. कित्येकांनी जन्मभर परक्याचे आडनाव लावले. त्यांनी कागदावर नाव वाढवले, आम्ही कमी केले. पन्नास वर्षांनीसुद्धा कोणीतरी जुनी फाईल काढतेच.

जुन्या फायलीची भीती माझ्या विद्यार्थिनीलाही होती. मुलीसाठी पुन्हा अर्ज करायचा म्हणजे आपण पूर्वी नाव लपवले हे आपल्याच हाताने लिहून द्यायचे. तिथल्या कायद्यात महत्त्वाची माहिती चुकीची देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. स्थायिक झालेल्याचा हक्कही जाऊ शकतो. तिकडे तिला मुलगा झाला होता. त्याच्यापासूनही तुटायचे की काय, या धास्तीने तिने तीन-चार वर्षे काही केले नाही. फोनवर रडायची. इकडे पोरगी फोनवर यायचीच बंद झाली.

९ सप्टेंबर २०१९ पासून कॅनडा सरकारने या नियमात एक तात्पुरती सवलत सुरू केली आणि पुढे २०२१ व २०२३ मध्ये तिची मुदत वाढवली. ही सवलत सरसकट सगळ्यांना नव्हती. जे निर्वासित म्हणून आले, किंवा जे स्वतःच कोणाची बायको, नवरा वा मूल म्हणून बोलावले गेले, त्यांनी गाळलेल्या जवळच्या माणसांसाठी ती होती. अटही होती: नाव पहिल्यांदाच सांगितले असते, तरी त्या अर्जदाराला प्रवेश मिळालाच असता, असे दिसले पाहिजे. म्हणजे पाहा, माझ्या विद्यार्थिनीने छकुलीचे नाव २०११ मध्ये लिहिले असते, तर तिचे काहीच अडत नव्हते! लपवण्यासारखे त्यात काही नव्हतेच. फाईल जड होते म्हणे.

तिने २०२० मध्ये सगळे खरे लिहून अर्ज केला. त्या वेळी कागद जमवण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी मागून घेतले होते. इथे शाळा किती उपयोगी पडते, ते शिक्षक श्रोत्यांना सांगितले पाहिजे. जन्माचा दाखला होताच. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात आईचे नाव, प्रवेशाच्या फॉर्मवर आईची सही, बोनाफाईड दाखला, आईने फीसाठी पाठवलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी, आजीचे प्रतिज्ञापत्र, या सगळ्यांतून ही मुलगी हिचीच आणि हिने तिला टाकलेली नाही, हे दिसले. एका बाईंनी तिसरीतली निबंधाची वही सांभाळून ठेवली होती. ‘माझी आई’ या विषयावर मुलीने आठ ओळी लिहिल्या होत्या. तिचे इंग्रजी करून आम्ही तेही जोडले. गुरुजनहो, असा एखादा पालक आला, तर दाखल्यावर आहे तेच लिहा; नोंद सोयीसाठी बदलून मागितली, तरी बदलू नका. आणि अर्ज ‘नजरेखालून घालायला’ दिला, तर चौकट वाचून दाखवा. पहिल्या लग्नाची मुले, घटस्फोटात दुसऱ्याकडे गेलेली मुले, सगळी लिहायला सांगा. दुसरा पालक मुलाला तपासणीला पाठवीत नसेल, तर तसे लेखी कळवायला सांगा. आणि पूर्वी नाव राहिलेच असेल, तर पुढच्या अर्जात तोच कोरेपणा पुन्हा ठेवू नये. जाणत्या वकिलाला, एजंटला नव्हे, विचारून खरे लिहावे.

मुलगी २०२२ साली गेली. सोळा वर्षांची. आजीने तिला मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडले आणि परत येताना एस. टी. त एक शब्द बोलली नाही. मुलगी तिकडे आईला पहिले सहा महिने कोणत्याच नावाने हाक मारीत नव्हती, असे विद्यार्थिनीने मला नंतर कळवले. आता मारते.

परवा माझा एक विद्यार्थी पेढे घेऊन आला. कॅनडाची परवानगी आली होती, पंधरा तारखेचे लग्न आणि बावीसचे तिकीट. मी पेढा हातातच धरला आणि त्याला बसवून घेतले. तिथल्या कचेरीला पत्र त्याने माझ्या टेबलावरच लिहिले. सासरे जरा रागावले आहेत. लग्न ठरल्या दिवशी लागले. तिकीट पुढे ढकलले आहे, सूनबाईच्या तपासणीचे पत्र अजून यायचे आहे.