भूशास्त्राचा पदवीधर आणि त्याचा व्यवसाय



मुलानें किंवा मुलीनें भूशास्त्राची पदवी घेतली म्हणजे घरांतील वडील मंडळी हमखास विचारतात, "आतां दगड फोडून पोट भरणार काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागें काळजी आहे. म्हणून त्याचें सरळ उत्तर दिलें पाहिजे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हें खातें १८५१ सालीं स्थापन झालें. तेथें भूवैज्ञानिक म्हणून शिरावयाचें तर संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते, आणि तिला नुसती पदवी पुरत नाहीं. पदव्युत्तर शिक्षण लागतें. खाणी, खनिज तेल, धरणें, बोगदे हीं क्षेत्रें निराळींच. परंतु महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याच्या अगदीं दाराशीं असलेलें काम भूजलाचें आहे.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, थरांनीं व्यापलेला आहे. एकसंध पाषाणांत पाणी जवळजवळ मुरत नाहीं; तें सांपडतें भेगांत, मुरमांत आणि सच्छिद्र थरांत. म्हणूनच एका शेतांतील विहीर भरते आणि शेजारच्या शेतांत शेंकडों फूट विंधूनही नुसती धूळ वर येते. ती धूळ पुष्कळदां कर्जाच्या पैशाची असते! अशा वेळीं "येथें विंधूं नका" असें सांगणारा माणूस पाणी दाखविणाऱ्याइतकाच उपकारक होय.

हें सांगण्याचा अधिकार पायपिटीनें येतो. ओढ्याचा कांठ आणि विहिरीची उघडी भिंत हींच त्याचीं पाठ्यपुस्तकें. उपग्रहाचीं छायाचित्रें व संगणकावरील नकाशे आज वाचतां आलेच पाहिजेत; पण नकाशावरील रेषा जमिनीवर ताडून पाहिल्यावांचून तिच्यावर विसंबूं नये. शिवाय अहवाल असा लिहितां यावा, कीं तो अभियंत्याला नेमका वाटेल आणि शेतकऱ्याला मराठींत उमगेल.

३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि सुमारें दीडशें माणसें प्राणास मुकलीं. डोंगराचा उतार वाचणें ही विद्या केवळ पोटापुरती नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांना कळलें.

तेव्हां, पालकहो, "नोकरी केव्हां लागेल?" हें अवश्य विचारा, पण "सुटींत किती दिवस रान तुडविलेंस?" हेंही विचारा. दुसऱ्याचें उत्तर समाधानकारक असेल, तर पहिल्याची काळजी पुष्कळशी हलकी होईल.