पगार किती आणि उरते किती?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : पुणे-मुंबई परवडेल काय? उत्तर बहुधा ऐकीव असते. कोणाचा भाचा पुण्यात राहतो, तो सांगेल ते खरे.

शहराशहरांतील खर्चाचा फरक सरकारलाही मोजावा लागतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, आपले शहर दुसऱ्यात. 2017 साली हा भत्ता मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के ठरला. म्हणजे तिसऱ्या वर्गातील गावाच्या तिप्पट मुंबईला, दुप्पट आपल्याला. मात्र हे वर्ग लोकसंख्येवरून पडतात, प्रत्यक्ष भाड्यावरून नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

विद्यार्थ्यांपुरता अधिक उपयोगी आधार स्वाधार योजनेत सापडतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने ही योजना 2016-17 पासून सुरू केली. ती सर्वांना लागू नाही, पण तिच्यातील आकडे सर्वांनी पाहावेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात वर्षाला 60,000 रुपये, आपल्यासारख्या विभागीय शहरात 51,000. त्यांत जेवणाचे 32,000 आणि 28,000, राहण्याचे 20,000 आणि 15,000, किरकोळ खर्चाचे दोन्हीकडे 8,000. फरक जेवणात थोडा, निवाऱ्यात जास्त. पीठ-डाळ सगळीकडे साधारण त्याच भावाची, जागा मात्र नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रात महागाईचा निर्देशांक छापून येतो. एका शहराचा आकडा दुसऱ्याहून मोठा दिसला की ते शहर महाग, असे लोक समजतात. तसे नाही. लेबर ब्यूरोच्या सध्याच्या औद्योगिक कामगारांच्या मालिकेत 2016 साली प्रत्येक केंद्राचा आकडा 100 धरला आहे, मुंबईचाही आणि नागपूरचाही. तेव्हापासून त्या त्या गावी भाव किती चढले एवढेच तो सांगतो. मुंबई नागपूरहून किती महाग, हे त्यावरून कळत नाही.

आता घरचा हिशेब करू. समजा, पुण्यात 25,000 पगार मिळाला. खोलीचा वाटा 6,000, मेस 4,000, जाणे-येणे 1,500, गावाकडच्या फेऱ्या व इतर 3,500. उरले 10,000. येथे वाळूज किंवा शेंद्र्याला 18,000 मिळाले, घरात 5,000 दिले, पेट्रोल व इतर 3,000. उरले तेही 10,000. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापले घालून पाहावेत.

आपल्या गावाचे छुपे खर्चही धरावेत. जायकवाडी एवढे जवळ, पण गेली कित्येक वर्षे नळाला रोज पाणी नाही. टँकर आणि जारचे पैसे कोणी हिशेबात धरत नाही. मुंबईत लोकलचा पास स्वस्त पडतो; येथे मोटारसायकलवाचून कारखाना गाठणे कठीण. उलट मुंबई-पुण्यात घर शोधताना नाव ऐकून नकार देणारे भेटतात. मग कोंढवा, मुंब्रा अशा ठरावीक वस्त्यांतच शोध चालतो, आणि कॉलेज किंवा कचेरी लांब पडली तर रोजचे दोन-तीन तास जातात. हाही खर्चच आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलाच्या वेळी कर्ज काढून पाठवतो. मुलीच्या वेळी ‘खर्च झेपत नाही’ म्हणतो. तो खर्च आपण कागदावर कधी मांडला होता काय? मुलींच्या वसतिगृहाचे दर विचारले होते काय? भीती असेल तर भीती म्हणावी, तिच्यावर बोलता येईल. तिला खर्चाचे नाव दिले की मुलगी गप्प बसते आणि बोलणेच खुंटते.

आज दाराशी कोरे तक्ते ठेवले आहेत. निवारा, जेवण, प्रवास, फी आणि गावाकडची फेरी असे पाच रकाने, दोन शहरांसाठी. जाताना एकेक न्यावा, आणि तो भरताना मुलालाच नव्हे, मुलीलाही शेजारी बसवावे.