देहाचा गुंड कोरडा ठेवू नका

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. गुंड घेताना आपण पितळ पारखतो. पण पाणी राहतं कुठं? पोकळीत.

देवानं देहही असाच घडवला. मागच्या अंगाला कवटीत मेंदू, कण्याच्या नळीत मज्जारज्जू. पुढच्या अंगाला वर छाती, तिच्यात हृदय अन् फुप्फुसं, खाली पोटात जठर, यकृत, आतडी, ओटीपोटात मूत्राशय. छाती-पोटाच्या मधे श्वासपटलाचा पडदा. ‘विठ्ठल’ म्हणायला श्वास घेता ना, तेव्हा हा पडदा खाली सरतो अन् फुप्फुसं भरतात.

हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त पुढं ढकलतं, जवळ काही ठेवत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर, बाकी सारं परत रक्तात. तलाव आटला की धानाची बांधी सुकते. तसं अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडांवर ताण येतो.

अन् वारीत माझ्या मायबहिणी काय करतात? वाटेत आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी दाबून धरतात. मग जळजळ होते, ताप येतो. माय, हा उपास नव्हे! देवानं असा उपास मागितला नाही.

दिंडीवाल्यांनो, तुम्हीही ऐका. मुक्कामाला आधी मायबहिणींसाठी आडोसा उभा करा, मग मंडप. तीही विठ्ठलाचीच सेवा.

घोटघोट पाणी प्या, नाम घ्या, चालत राहा. रामकृष्ण हरी!