बदकांच्या पायांचे आजार : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा

(अहिल्यानगर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पशुसंवर्धनाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे सुरू होते ते संकरित गाईपासून आणि संपते ते दुधाच्या दरापाशी. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या घरी गाय नाही, त्या घरीही परसात चार कोंबड्या असतात. आणि शेततळ्याचे पाणी हाताशी आल्यावर कोणी हौसेने बदकांची जोडीही बाळगतो. या पक्ष्यांची अंडी मुलांच्या ताटात येतात आणि उरलेल्या अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात. असा पक्षी लंगडू लागला तर त्याला दवाखान्यात नेण्याचे भाडे त्याच्या किमतीहून अधिक होते. परिणामी तो एक तर दुर्लक्षाने झिजतो, नाही तर भलत्या उपायांनी मरतो. म्हणून घरी काय करता येते आणि कोठे थांबले पाहिजे, एवढ्याच मुद्द्यावर आज बोलावयाचे आहे.

पाय का बिघडतो?

बदकाचा पाय पोहण्यासाठी घडलेला आहे. त्याच्या बोटांमधील पडदा आणि तळव्याची कातडी कोंबडीच्या पायापेक्षा मऊ असते. पाण्यात त्याच्या देहाचा भार पाणी पेलते. जमिनीवर तोच भार दोन तळव्यांवर येतो. आपल्या जिल्ह्याची जमीन मात्र एकसारखी नाही. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळाभर अंगणात चिखल असतो, तर पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणप्रवण भागांत पायाखाली टणक मुरूम, खडे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात. एकीकडे ओलीने कातडी भिजून फुगते, दुसरीकडे ती घासून फाटते. अशा जागेतून जंतू आत शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू प्रमुख होत. तळव्यावर होणाऱ्या या गळवास पशुवैद्यक ‘बंबलफूट’ म्हणतात.

प्रारंभी तळवा लालसर व चकचकीत दिसतो. पुढे सूज येते आणि मध्यभागी काळी खपली धरते. त्याहीपुढे संसर्ग स्नायुबंध, सांधे व हाडापर्यंत पोहोचतो. पहिल्या अवस्थेत घरगुती उपचार पुरेसे ठरतात, दुसऱ्या अवस्थेत ते क्वचितच पुरे पडतात आणि तिसऱ्या अवस्थेत त्यांच्यावर विसंबणे म्हणजे केवळ कालापव्यय होय.

प्रत्येक लंगडणे हे गळूच असते, असेही नाही. पिलांचे पाय वाकत असतील तर आहाराकडे पाहावे. बदकाच्या पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा बरेच अधिक लागते. नुसत्या मक्याच्या भरड्यावर ती गरज भागत नाही. गव्हाचा कोंडा व ताजी शेंगदाणा पेंड यांचा उपयोग होतो. परंतु बुरशी आलेली पेंड किंवा मका कदापि घालू नये. त्यातील विष बदकांना फार लवकर बाधते.

घरी करावयाचे उपचार

प्रथम पक्षी नीट धरावा. बदकाला पायाला धरून उचलू नये. त्याचे पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगाशी मिटवून त्याला काखेत घ्यावे व दुसऱ्या माणसाने तळवा तपासावा. काटा वरच दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने काढावा.

नंतर एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ विरघळवावे. आपल्या मनगटाला सोसेल इतकेच पाणी गरम असावे. त्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून धरावा, स्वच्छ फडक्याने बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा आणि पोव्हिडोन आयोडीनचे औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. जखम उघडी असल्यास निर्जंतुक कापडाची घडी ठेवून सैलसर पट्टी बांधावी. पट्टीने बोटे फुगता किंवा गार पडता कामा नयेत. हा क्रम दिवसातून दोनदा करावा आणि भिजलेली पट्टी त्वरित बदलावी.

उपचार चालू असता बदकाला कोरड्या, मऊ जागी ठेवावे. तळ्याचे पाणी बंद केले तरी पिण्याचे भांडे मात्र डोके व डोळे बुडतील इतके खोल असावे, कारण चोच व डोळे स्वच्छ ठेवण्यास त्याला त्याची गरज असते. त्याचा जोडीदार जवळ दिसत राहील, असेही पाहावे. एकटे पडलेले बदक खाणे टाकते.

काय करू नये?

बिब्याचे तेल लावू नये. त्याने कातडी भाजते. हळद-तेलाचा लेपही बदकाला सोयीचा नाही. ते तेल पिसांना लागले की पिसांचा पाणी न धरण्याचा गुण जातो, पक्षी भिजतो आणि गारठतो. ओल्या जमिनीवर कळीचा चुना पसरल्याने तर तळवे पोळतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पात्याने गळू कापणे. पक्ष्यांचा पू आपल्या गळवातील पुवासारखा पातळ नसतो. तो वाळत आलेल्या चक्क्यासारखा घट्ट असतो आणि दाबून निघत नाही. दाबल्याने जंतू अधिक खोल जातात. ते काम पशुवैद्यकाचे आहे. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या किंवा वेदनाशामक गोळ्या देणेही तितकेच घातक. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून उपचारानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे डॉक्टरांकडून विचारून घ्यावे.

तीन दिवसांत सूज उतरली नाही, काळी खपली धरली, पक्षी पाय टेकेनासा झाला किंवा खाईनासा झाला, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पशुसेवेसाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असावा.

एक गोष्ट मात्र निराळी ओळखली पाहिजे. पायांवर लाल-जांभळे डाग दिसले आणि पक्षी एकाएकी पटापट मरू लागले, तर तो पायाचा आजार समजू नये. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, ती देशातील पहिली नोंद होती. बदके स्वतः आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकतात. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागास तत्काळ कळवावे.

गावाने काय करावे?

औषधाने पाय बरा होतो. पण जमीन तीच राहिली तर तो पुन्हा बिघडतो. खुराड्यात कोरडे पाचट, भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले पसरावीत आणि ओली झाली की बदलावीत. ऊस पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पाचटाची वाण नाही. पाण्याच्या भांड्याभोवती वाळूचा थर द्यावा, म्हणजे चिखल होणार नाही. कागद अंथरलेल्या शेततळ्याचा काठ उभा व निसरडा असतो; तेथे बदकांना वर येण्यासाठी खडबडीत, उतरती फळी ठेवावी. आठवड्यातून एकदा प्रत्येक पक्ष्याचा तळवा पाहावा.

शिक्षकांनी हे तळवा पाहण्याचे काम मुलांना शिकवावे आणि पक्ष्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचेही शिकवावे. कारण गळवातील जंतू माणसाच्या जखमेतही वाढतात. पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, पशुवैद्यकीय शिबिर भरवताना गाई-म्हशींच्या रांगेशेजारी परसातील पक्ष्यांसाठीही एक टेबल मांडावे. पाटीत दोन कोंबड्या किंवा एक बदक घेऊन आलेल्या बाईला संकोच वाटू नये. एका पक्ष्यासाठी दवाखाना परवडत नाही, हे खरे. पण शिबिर गावातच भरले, तर तिला भाड्याचा विचार करावा लागणार नाही.