विद्येचें जाळें, व्यापाराचें बळ
विद्येनें उद्योगाचा आश्रय घेतल्यास धनी कोण ठरतो? श्रोत्यांनीं अमेरिकेचें उदाहरण पाहावें. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानानें १९८७ सालीं संशोधकांचे संगणक जोडणारें जाळें उभारण्याचें काम मिशिगनमधील विद्यापीठांच्या 'मेरिट' संस्थेस दिलें. आय.बी.एम.नें यंत्रें दिलीं, एम.सी.आय.नें संदेशवाहिन्या पुरविल्या. जुलै १९८८ मध्यें १३ केंद्रें जोडलीं गेलीं. दर सेकंदास सुमारें १५ लक्ष बिटांचा प्रवाह वाहूं लागला. या मार्गावर व्यापारास मज्जाव होता. परंतु १९९० सालीं या तिघांनीं नवी संस्था काढली व पुढें तिनें व्यापारासही वाट दिली. तेव्हां सार्वजनिक धनावर खासगी लाभ होतो, अशी टीका झाली. एप्रिल १९९५ मध्यें तो मार्ग बंद होऊन वाहतूक कंपन्यांकडे गेली. सहकार्य हवेंच, मात्र मालकीचा करार आरंभींच स्पष्ट असावा.