'सर, नेहमीच का?'
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



नववीच्या तासाला सरांनी विचारलं होतं, "घर्षण कमी करायला काय कराल?" आपण एका सुरात ओरडलो, "पृष्ठभाग गुळगुळीत करू!" मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, नेहमीच का?" सारा वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर त्याने कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

आज त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

शार्कच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला, तर ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. दातांसारखे बारीक खवले आणि त्यांवर प्रवाहाच्या दिशेने गेलेल्या कडा. तरी शार्क वेगाने पोहतो.

वेगवान पाणी किंवा हवा पृष्ठभागालगत शिस्तीत वाहत नाही. तिथे बारीक भोवरे फिरतात, वरचा वेगवान प्रवाह खाली आणून आदळतात आणि घर्षण वाढवतात. पन्हळी पत्र्यासारख्या सूक्ष्म कडा असल्या, की भोवरे कडांच्या टोकांवरच राहतात आणि खाचांत प्रवाह संथ राहतो. क्षेत्रफळ वाढतं, तरी घर्षण घटतं! मात्र माप आणि दिशा चुकली, की उलटा परिणाम होतो. म्हणजे नुसतं खरखरीत असून भागत नाही.

ऐंशीच्या दशकात नासाने अशा खाचांवर प्रयोग केले. 1987 साली अमेरिकाज कप जिंकणाऱ्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' नौकेच्या तळाला अशीच फिल्म लावली होती. पुढे लुफ्थान्सा टेक्निक आणि बीएएसएफ यांनी विमानांसाठी 'एअरोशार्क' फिल्म बनवली. तिच्या कडा सुमारे 50 मायक्रोमीटरच्या, म्हणजे साधारण केसापेक्षाही बारीक. 2022 पासून स्विस कंपनीच्या बोइंग 777 विमानांवर ती बसू लागली. एका विमानाला सुमारे 950 चौरस मीटर फिल्म लागते आणि इंधनाची बचत होते जेमतेम 1.1 टक्के. आकडा लहान वाटेल. पण लांबच्या एकाच उड्डाणात शेकडो किलो इंधन वाचतं.

सर, तुम्ही शिकवलेलं चूक नव्हतं. त्याला फक्त एक 'पण' जोडायचा राहिला होता आणि तो जोडणारा मुलगा वर्गातच बसला होता.

तो आज समोर बसला आहे. मित्रा, तुझा प्रश्न बरोबर होता. तेव्हा हसलो, त्याबद्दल माफ कर.