कंपनी नावाची व्यक्ती
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या निवडणुकांत पैसा पाण्यासारखा वाहतो, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. ते पुन्हा सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. हा पैसा लाचेच्या मागल्या दाराने नव्हे, तर कायद्याच्या पुढल्या दाराने आत कसा आला, आणि ते दार उघडण्यापूर्वी वर्गांतून, ग्रंथांतून आणि कायद्याच्या महाविद्यालयांतून किती वर्षे तयारी चालली होती, ही हकीकत मला आपल्यापुढे मांडावयाची आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर ती मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही असे मला वाटते.

आरंभ १८६८ सालापासून करू. यादवी युद्ध संपले होते, गुलाम मुक्त झाले होते. त्यांच्या रक्षणासाठी अमेरिकेने राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती केली. कोणत्याही राज्याने कोणत्याही 'व्यक्ती'ला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे तिच्यात म्हटले होते. 'व्यक्ती' म्हणजे हाडामांसाचा माणूस, अशीच कोणाही साध्या वाचकाची समजूत होईल. परंतु १८८६ साली कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगणा आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनी यांचा कराबद्दलचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे असे आम्हा सर्वांचे मत आहे, त्यावर युक्तिवाद ऐकण्याची आमची इच्छा नाही, असे सरन्यायाधीश वेट तोंडी म्हणाले. प्रत्यक्ष निकालपत्रात हा मुद्दा ठरविलेलाच नाही! पण निकाल छापून प्रसिद्ध करण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या बॅंक्रॉफ्ट डेव्हिस यांनी ते वाक्य निकालाच्या वरच्या गोषवाऱ्यात घातले. हे गृहस्थ पूर्वी एका रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते, हेही नमूद केले पाहिजे. पुढे त्या गोषवाऱ्यालाच आधार मानून निकालांमागून निकाल होत गेले. १९३८ साली न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी एका भिन्न निकालपत्रात हिशेब मांडला. पहिल्या पन्नास वर्षांत या दुरुस्तीवर आधारलेल्या खटल्यांपैकी कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी आलेले अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, तर निम्म्याहून अधिक खटल्यांत तिचा लाभ कंपन्यांना मिळावा अशी मागणी होती. ज्यांच्यासाठी विहीर खणली ते तहानलेलेच राहिले.

कंपनीला कायद्याने व्यक्ती मानणे ही कल्पना मुळातच वेडगळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपली संस्था नोंदणीकृत आहे. तिच्या नावे व्यवहार होतात, ती कोर्टात उभी राहू शकते. उद्या तुम्ही-आम्ही नसलो तरी ती असेल. त्या अर्थी तीही एक व्यक्तीच होय. पण संस्था मतदानाच्या रांगेत उभी राहत नाही. प्रश्न आहे तो या सीमारेषेचा.

ही सीमा राखण्याचा प्रयत्न अमेरिकेनेही केला. १८९६ च्या निवडणुकीत मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी वर्गणीच बसविली होती. त्या आणि तशा प्रकारांनी लोकमत खवळले आणि १९०७ साली टिलमन कायदा झाला. राष्ट्रीय निवडणुकीत उमेदवारांना देणगी देण्यास कंपन्यांना त्याने बंदी केली. तो कायदा मोडला तर जाईच, पण निदान तत्त्व कागदावर होते.

आता १९७१ साल. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंडचे एक प्रतिष्ठित वकील लुईस पॉवेल यांनी ऑगस्ट महिन्यात अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्ससाठी एक गोपनीय टिपण लिहिले. पॉवेल हे फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या संचालक मंडळावर होते आणि पूर्वी आपल्या शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्षही होते. उद्योगधंद्यांवर चहूकडून हल्ला होत आहे, विद्यापीठांतून तरुणांची मने विरोधी बनत आहेत, आणि उद्योगपती मात्र गप्प आहेत, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. उपाय काय सुचविले? विद्वानांचा वर्ग पदरी बाळगावा. पाठ्यपुस्तके तपासावीत. विद्यापीठांत आपले वक्ते जावेत. दूरदर्शनच्या कार्यक्रमांवर नजर ठेवावी. आणि न्यायालयांकडे झालेले दुर्लक्ष थांबवावे, कारण समाज बदलण्याचे सर्वांत प्रभावी साधन कदाचित तेच असेल. एका शाळा मंडळाच्या माजी अध्यक्षाचे हे टिपण आहे, हे त्यातील ओळीओळीत दिसते. मतपेटीच्या आधी पाटी-पुस्तक येते हे त्यांनी नेमके ओळखले होते.

टिपण लिहून दोन महिने होतात न होतात तोच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पॉवेल यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक जाहीर केली. सिनेटने ती मान्य केली तेव्हा या टिपणाचा सुगावा कोणाला नव्हता. पत्रकार जॅक अँडरसन यांनी ते १९७२ साली उजेडात आणले. पुढचे सर्व या एका टिपणाने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या दशकात हेरिटेज फाउंडेशन, केटो इन्स्टिट्यूट यांसारख्या विचारसंस्था निघाल्या. धनिकांच्या न्यासांतून, विशेषतः ऑलिन न्यासातून, कायद्याच्या महाविद्यालयांत 'कायदा आणि अर्थशास्त्र' या विषयाला उदार साहाय्य मिळू लागले. खुद्द न्यायाधीशांसाठी अर्थशास्त्राचे अभ्यासवर्ग भरले आणि शेकडो संघराज्यीय न्यायाधीश त्यांत बसून गेले. १९८२ साली येल आणि शिकागो येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरॅलिस्ट सोसायटी स्थापन केली. त्या वेळचे ते विद्यार्थी, त्यांचे मित्र आणि शिष्य पुढे न्यायासनांवर बसले. २०१६ साली ट्रम्प यांनी संभाव्य न्यायमूर्तींची यादी जाहीर केली, तीही या सोसायटीच्या आणि हेरिटेजच्या सल्ल्याने. यात गुप्त कट वगैरे काही नव्हते. व्याख्याने झाली, शिष्यवृत्त्या दिल्या, वादसभा भरल्या. आपण येथे करतो तेच सारे. फरक तिजोरीचा.

न्यायालयात काय झाले ते पाहा. १९७६ साली, निवडणुकीत पैसा खर्च करणे हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे असे ठरले. १९७८ साली मॅसॅच्युसेट्समधील बँक ऑफ बॉस्टनच्या खटल्यात, सार्वमताच्या प्रचारात पैसा ओतण्यास कंपन्यांना मज्जाव करणारा राज्याचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते, पॉवेल! त्याला विरोध करणाऱ्यांत रेह्न्क्विस्ट होते. हे गृहस्थ डाव्या विचारांचे मुळीच नव्हेत. त्यांचे म्हणणे असे की कंपनी ही कायद्याने घडविलेली वस्तू आहे. दीर्घायुष्य आणि मर्यादित जबाबदारी या सवलती तिला व्यापारासाठी दिल्या आहेत, राजकारणात त्याच सवलती घातक ठरू शकतात. शेवटी २१ जानेवारी २०१० रोजी 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, कंपन्यांना (आणि कामगार संघटनांनाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे) उमेदवारांसाठी स्वतंत्रपणे अमर्याद खर्चाची मुभा दिली. उमेदवाराच्या हातात थेट देणगी ठेवण्याची बंदी तेवढी उरली. त्याच वर्षी 'सुपर पॅक' नावाचे प्रचारनिधी जन्मले.

हाच प्रश्न मुंबईतही एकदा उभा राहिला होता. १९५७ साली टाटा पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये बदल हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे प्रकरण आले. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण धनाढ्यांच्या थैल्यांनी लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोका आहे, संसदेने याचा विचार करावा, असा स्पष्ट इशाराही दिला. १९६९ साली संसदेने अशा देणग्यांवर बंदी घातली, १९८५ साली ती उठविली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे आणि कंपन्यांच्या देणग्यांवरील मर्यादा काढणारी दुरुस्ती अवैध ठरविली. एकाच इंग्रजी परंपरेतून निघालेली दोन न्यायालये एकाच प्रश्नावर निराळ्या वाटांनी गेली, ती अशी.

अमेरिकेतील सर्वांनीच हे मुकाट्याने मान्य केले असे नाही. वायव्येकडील मोंटाना हे खाणींचे राज्य. तेथे तांब्याच्या खाणींचे राजेच राज्य करीत. विल्यम क्लार्क नावाच्या खाणमालकाने १८९९ साली आमदार विकत घेऊन सिनेटची जागा मिळविली. चौकशीत बिंग फुटले, राजीनामा द्यावा लागला, आणि तरीही १९०१ साली तो पुन्हा सिनेटमध्ये जाऊन बसला. ॲनाकोंडा तांबे कंपनीच्या हाती तर राज्यातील बहुतेक दैनिके होती. या जाचाला कंटाळून १९१२ साली मोंटानाच्या मतदारांनी स्वतः मतदान करून निवडणुकीतील कंपन्यांच्या पैशावर बंदी आणली. खाणकामगार, शेतकरी, दुकानदार यांनी हा कायदा केला होता. तो शंभर वर्षे टिकला. आमचा इतिहास आम्हाला ठाऊक आहे, असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो उचलून धरला. २५ जून २०१२ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तोंडी युक्तिवाद न ऐकता, अवघ्या काही परिच्छेदांच्या आणि कोणाही एका न्यायमूर्तीचे नाव नसलेल्या आदेशाने तो मोडीत काढला. मते पाच विरुद्ध चार.